खुर्ची उलटी करून पाहा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला डॅनिश पद्धतीच्या गृहसजावटीवरचा लेख वाचला. फिकट भिंती, फिकट लाकूड, मेणबत्त्या, कोचावर लोकरी पांघरूण. फोटो देखणे होते. पण गेली एकोणीस वर्षं मी डेन्मार्कमध्ये ओडेन्सला राहते, आणि लेख संपला तरी दुरुस्तीचा शब्दही आला नाही, हे मनाला लागलं. इथल्या घरांत आजीच्या वेळची खुर्ची अजून रोजच्या वापरात दिसते, कारण तिचा झिजणारा भाग बदलता येतो.

हे मलाही उशिरा कळलं. आल्या आल्या आम्ही एका दुकानातून पार्टिकल बोर्डचं कपाट घेतलं. तीन वर्षांनी घर बदलताना ते खोललं, तर स्क्रूबरोबर भुसा हातात आला. त्या भोकात पुन्हा काही धरेना. अख्खं कपाट कचरा केंद्रावर नेऊन टाकावं लागलं. परतताना मला फार अपराधी वाटलं होतं.

त्यानंतर जुन्या वस्तूंच्या बाजारात ३०० क्रोनरला एक खुर्ची मिळाली. बैठक फाटलेली, बाकी ठणठणीत. आमचे शेजारी निवृत्त सुतार आहेत. त्यांनी खुर्ची हातात घेतली आणि आधी उलटी केली. एका लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत कसं घट्ट बसलंय ते बोट फिरवून दाखवलं आणि म्हणाले, “बैठक झिजणारच, ती त्यासाठीच आहे. सांगाडा तुझ्या मुलांना पुरेल.”

ती खुर्ची निघाली ‘जे ३९’ या नमुन्याची. डॅनिश फर्निचर रचनाकार बोर्गे मोगेन्सेन यांनी १९४७ मध्ये एफडीबी या ग्राहक सहकारी संस्थेसाठी ती आखली. साध्या कुटुंबाला परवडावी, छोट्या घरात मावावी, हा हेतू. लोक तिला ‘लोकांची खुर्ची’च म्हणत. मोगेन्सेन हे कोरे क्लिंट यांचे विद्यार्थी. क्लिंट यांनी १९२४ मध्ये कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचरचं शिक्षण सुरू केलं, ते मोजपट्टी हातात घेऊन: माणूस बसतो कसा, त्याचा हात कुठवर पोचतो, कपाटात ताटं किती आणि शर्ट किती. आधी माप, मग आकार. १९२७ ते १९६६ अशी चाळीस वर्षं कोपनहेगनमध्ये सुतारांच्या संघटनेचं प्रदर्शन दरवर्षी भरायचं आणि त्यासाठी वास्तुरचनाकार आणि कारागीर जोडीने काम करत. दुसरे रचनाकार हान्स वेग्नर तर स्वतःच सुतारकाम शिकलेले, चांभाराचे चिरंजीव. लाकूड कुठे ताण सोसतं हे अशा माणसाला सांगावं लागत नाही.

माझ्या खुर्चीची बैठक मी स्वतः दोरीने विणली. ही दोरी कागदाची असते, पीळ दिलेली. कागद म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं, पण तिच्यावर माणसं वर्षानुवर्षं बसतात. वेग्नर यांच्या १९४९ च्या वाय खुर्चीला (तिच्या पाठीला इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा आकार आहे) अशी जवळपास १२० मीटर दोरी लागते. माझी पहिली विण सैल पडली. शेजाऱ्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, मान हलवली, आणि दोन संध्याकाळचं काम मी उसवलं. दुसऱ्या खेपेला प्रत्येक फेरा ताणून आधीच्या फेऱ्याला चिकटवत गेले. बोटांची सालं निघाली. पण दोरी छेडली की टणक आवाज यायला लागला, तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो.

आमचं जेवणाचं टेबल ओकचं आहे, साबणाने राखलेलं. साबणाचा चुरा गरम पाण्यात विरघळवायचा, निवला की फडक्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसायचा. वर्षातून दोन-तीनदा. खड्डा पडला तर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवा, लाकूड फुगून वर येतं. मात्र ओकवर तारेची घासणी कधीही लावू नका. तिचे कण अडकले की ओलाव्याने काळे डाग पडतात. मी ते करून बसले आहे.

एक गोष्ट खटकते, तीही लिहिते. कामगारांच्या घरासाठी केलेली ही खुर्ची आज नवी घ्यायची तर हजारो क्रोनर मोजावे लागतात. मोगेन्सेन यांनी ती ज्यांच्यासाठी केली, त्यांनाच ती परवडत नाही, याचं मला खरंच दुःख होतं. पण जुनी वस्तू घेण्यात इथे कुणाला कमीपणा वाटत नाही. कचरा केंद्रांवरही चांगल्या वस्तू इतरांसाठी ठेवायला वेगळी जागा असते. माझ्या टेबलाभोवतीच्या चार खुर्च्या चार ठिकाणांहून आल्या आहेत. एकीचं लाकूड दुसरीशी जुळत नाही, आणि मला ते आवडतं.

तेव्हा संपादक महाशय, एक विनंती. पुरवणीत पुन्हा असा लेख येईल तेव्हा एक तरी फोटो खुर्ची उलटी करून छापा. सांधे दिसू द्या, खाली स्क्रू आहेत की कुसू ते दिसू द्या, आणि बैठक फाटली तर ती कोण विणून देईल, तेही त्याखाली लिहा.

– आपली एक नियमित वाचक, ओडेन्स, डेन्मार्क