मधला रस्ता झाकलेला, दोन्ही टोके उघडी

संपादक महाशय,

आपल्या अंकातील आभासी चलनांवरचा लेख वाचला. ‘मोनेरोचा माग कोणालाच काढता येत नाही’ हे त्यातले वाक्य इकडे व्हॉट्सॲपवर जोरात फिरते आहे, म्हणून हे पत्र. (मोनेरो म्हणजे व्यवहार लपवण्यासाठीच बनवलेले एक आभासी चलन.)

मी कुडाळला करसल्लागार आहे. आंबा-काजूवाले, होमस्टेवाले आणि बोटीवर जाणारी मुले माझ्याकडे रिटर्न भरायला येतात. जुलैच्या गर्दीत अशाच एकाने मोबाइलवरचा मोनेरोचा व्यवहार पुढे केला, “काका, ह्या कोणाक कळाचा नाय.” म्हटले, आधी बँकेचे स्टेटमेंट काढ. पैसे एका एक्स्चेंजला, म्हणजे आभासी चलनांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीला गेलेले, पंधरवड्याने तिथूनच परत आलेले, मधली तूट जेमतेम फी आणि कापलेल्या कराएवढी. खाते पॅन, आधार आणि सेल्फी देऊन उघडलेले. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला गेल्यामुळे नोंद त्याच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, आधीच हजर. हा कर १ जुलै २०२२ पासून कापला जातो आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंग कायदाही लागू आहे. मोनेरोने फक्त मधला पंधरवडा झाकला होता.

तो मधला भाग तरी पक्का झाकला जातो का? मोनेरोत रक्कम दिसत नाही, घेणाऱ्यासाठी दर वेळी नवा पत्ता तयार होतो आणि देणाऱ्याच्या नोंदीबरोबर इतरांच्या १५ जुन्या नोंदी उभ्या केल्या जातात. होळीच्या मांडावर सोळा जण उभे करून ‘यातल्या एकाने पैसे दिले’ एवढेच सांगावे, तसे. पण सुरुवातीच्या वर्षांत कोणालाही सोबत न घेता पैसे पाठवता येत. अशी उघडी पडलेली नोंद दुसऱ्याच्या घोळक्यात दिसली की ती वगळायची, असे करत खरा माणूस उरे. शिवाय घोळक्यातली सर्वांत ताजी नोंद बहुतेक वेळा खरी निघे. संशोधकांनी हे दाखवल्यावर मोनेरोवाल्यांनी दुरुस्त्या केल्या, २०२२ मध्ये घोळका ११ वरून १६ केला. पण २०१५ मध्ये केलेला व्यवहार त्या दुरुस्त्यांनी झाकला जात नाही. सगळे व्यवहार लिहिलेली ही सार्वजनिक खतावणी कायमची असते.

झीकॅश या अशाच दुसऱ्या चलनाचे गणित तर मोनेरोहून भक्कम मानतात. त्यात लपवणे ऐच्छिक ठेवले आणि बहुतेकांनी उघडे पत्तेच वापरले. जे झाकलेल्या भागात शिरले, त्यांतले बरेच जण तीच रक्कम घेऊन थोड्या वेळाने बाहेर पडले. लंडनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा साध्या सवयींवरून लपणाऱ्यांचा घोळका दोन तृतीयांशांहून अधिक आकसवून दाखवला.

लपवायचे म्हणजे काळेबेरेच असणार, असे मला म्हणायचे नाही. बिटकॉइनचा पत्ता एकदा कोणाला कळला की त्या पत्त्याची सगळी उलाढाल जगाला कायमची दिसते. सोसायटीच्या काउंटरवर आपली शिल्लक मोठ्याने वाचली की आपण चिडतोच ना? (आमच्याकडे ती संध्याकाळपर्यंत वाडीभर होते, ते सोडा.) माझा राग आहे तो हॉटेलच्या हॉलमध्ये चहा-वडे देऊन ‘कोणाच्या बापाला कळणार नाही’ असे सांगणाऱ्यांवर. बायनान्स या बड्या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढून टाकले, हे ते सांगत नाहीत. मोठी एक्स्चेंजेस अशी दारे बंद करत गेली की विकायला अनोळखी माणूस गाठावा लागतो, आणि त्याने आपल्या खात्यात टाकलेला पैसा फसवणुकीचा निघाला तर खाते आपले गोठते.

आभासी चलनांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. रिटर्नमध्ये यासाठी वेगळे परिशिष्ट आहे. त्या मुलाचे मी ते भरून दिले. आपल्या लेखातले ते वाक्य तेवढे दुरुस्त करून छापावे.

– एक करसल्लागार, कुडाळ

(नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.)