तुझ्या एक्सेलमधली चौदावी ओळ

पठार भाग, ता. संगमनेर

मित्रा,

रामराम. तुझी फाईल मिळाली रे, दहा गायांचा प्रोजेक्ट. रात्री धारा उरकून जेवण झाल्यावर मोबाईलवर उघडली, झूम करून करून डोळे दुखले पण सगळी बघितली. चाकणची नोकरी सोडून गावी येतो म्हणतोस, ये, मी कशाला नको म्हणू, मला तर शेजारी पाहिजेच. गोठ्याचा खर्च बरोबर धरलाय, मुरघासाचा थोडा कमी धरलाय, लोणीच्या बाजारातल्या गाईचा रेटपण ठीक आहे. पण ती चौदावी ओळ, "पशुवैद्यकीय खर्च, प्रति गाय प्रति वर्ष १५०० रु.", ती मी आईला वाचून दाखवली तर आई म्हणाली, त्याला म्हणावं ह्यात आपल्या लाडीची एक रात्र नाही निघायची.

म्हणून हे लांबलचक लिहितोय. फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि एक्सेलमध्ये आकडा तसाच ठेवतोस.

लाडी तुला आठवते ना, ती काळी-पांढरी, कपाळावर चांद असलेली, तुझ्या पोरानं जिच्यासोबत फोटो काढला होता. गेल्या वर्षी आषाढात तिसऱ्या वेताला व्याली. पाडी झाली, सगळे खूष, जारपण वेळेत पडला. आता माझी पहिली चूक ऐक. कास टम्म होती म्हणून मी पहिल्याच दिवशी दोन्ही टायमाला निपटून पिळली, पार शेवटच्या थेंबापर्यंत. ज्या गाईला वीस-बावीस लिटर दूध असतं तिच्या चिकातून कॅल्शियम एवढं जातं की शरीराला ते तेवढ्या पटकन भरून काढता येत नाही, पहिले एक-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नसते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, ऐकलेलं होतं, पण चीक दिसला की हात थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनलाच तिनं वैरण अर्धी सोडली होती. मागचे पाय थोडे थरथरत होते. मी म्हणलं दमली असेल. संध्याकाळी चालताना डुलायला लागली आणि रात्री नऊला बसली ती बसलीच, मान वळवून बरगडीवर टेकवली, कान गार. बाहेर पाऊस. आता डॉक्टर बोलवायचा तर तो १८ किलोमीटरवर, रात्रीची व्हिजिट म्हणजे हजाराच्या घरात जाणार, हे आधी डोक्यात आलं. खोटं कशाला बोलू, गाय आधी नाही आली, हजार रुपये आधी आले. मग गावातल्या इंजेक्शनवाल्याला बोलावलं. तो दोनशेत येतो. आला, लांबूनच बघितलं, म्हणाला दुग्धज्वर आहे, आणि तापाचं एक आणि अंगदुखीचं एक अशी दोन इंजेक्शनं ठोकून गेला, सकाळी उठेल म्हणाला.

एक वाजता लाडी एका कुशीवर आडवी झाली. पोट फुगायला लागलं, पापणी लवत नव्हती. तेव्हा कुठं डॉक्टरला फोन केला. सव्वादोनला तो रेनकोट घालून बाईकवर आला, तेवढ्या चिखलात. आल्या आल्या पहिलं काय केलं तर थर्मामीटर लावला. ९८ आला. गाईचा नॉर्मल १०१ च्या वर असतो, म्हणजे ताप नाहीच, उलट अंग थंड पडत चाललेलं. मला म्हणतो, "नावात ज्वर आहे म्हणून तापाचं इंजेक्शन दिलं व्हय रे? ह्यात ज्वर नसतोच. रक्तातलं कॅल्शियम उतरलंय." मला हे आजपण आठवलं की कसंतरी होतं. सगळा घोटाळा त्या एका शब्दानं केला, दुग्धज्वर. ज्यानं कोणी हे नाव पाडलं त्यानं बहुतेक गाईच्या कानाला हात लावला नसेल.

मग आधी तिला उचलून छातीवर बसती केली, दोन्ही बाजूनं पोत्यात भुसा भरून टेकू दिला. कॅल्शियमची बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवली, मानेच्या शिरेत सुई, आणि एकदम सावकाश सोडायला लागला. एका हातात बाटली, कानात स्टेथोस्कोप, छातीवरचं लक्ष हलत नव्हतं. मी म्हणलं जरा जोरात सोडा ना, मरतीये ती. तर म्हणाला जोरात सोडलं तर आत्ताच मरेल, हृदय बंद पडतं. बाटली संपत आली तशी लाडीनं ढेकर दिला. मग अंग थरथरलं, शेण टाकलं, आणि चारच्या सुमाराला उठून उभी राहिली, पाडीकडं बघून हंबरली. घरची रडायला लागली, मीपण तोंड फिरवलं.

बिल १८५० झालं. व्हिजिट ८००, बाकी औषधं. आणि लेका, तुला सांगतो, गाय उभी राहिल्यावर पाच मिनिटांत माझ्या डोक्यात काय आलं असेल? पावणेदोन तासाचे अठराशे! माणूस असाच असतो.

चहा पिताना डॉक्टरला बोलून पण दाखवलं, थोडं हसत. तो चिडला नाही. म्हणाला, "दुपारी तीनला फोन केला असता तर व्हिजिट तीनशे होती. त्याच रस्त्याला माझी अजून दोन जनावरं होती, जाता जाता झालं असतं." मग त्याचं गणित सांगितलं. येऊन जाऊन छत्तीस किलोमीटर, पेट्रोल, रात्रीची झोप, एखादी गाय लाथ मारते ते वेगळंच. आणि उधारी. साठ-सत्तर हजार लोकांकडं अडकलेत. पेंडवाल्याचे पैसे डेअरी दुधाच्या पगारातून परस्पर कापते, डॉक्टरचे कोण कापणार? गाय बरी झाली की डॉक्टर पुढच्या दहा दिवसाच्या पगारावर जातो, मग त्याच्या पुढच्या. गाय मेली तर मग मागायचीच सोय नाही. म्हणजे मी जे ८०० दिले त्यात न देणाऱ्यांचेपण थोडे आले, असं त्यानं तोंडानं म्हणलं नाही पण मला कळलं.

तू म्हणशील सरकारी दवाखाना आहे की. आहे ना, आमच्यापासून नऊ किलोमीटर, केसपेपरचे पैसे नाममात्र, आणि तिथले डॉक्टर माणूस चांगला आहे, पण त्यांच्याकडं गावं किती आणि वर दुसऱ्या दवाखान्याचा चार्ज. सरकारी इलाज स्वस्त पडतो, पण गाय चालत जाते तोवरच. बसलेली चार-पाचशे किलोची गाय टेम्पोत घालायची म्हणजे सहा माणसं आणि बाराशे रुपये भाडं, आणि चढवताना पाय मोडला तर संपलंच. ते १९६२ नंबरचं फिरतं पथक आहे, केंद्राची योजना आहे, साधारण एक लाख जनावरांमागं एक गाडी असं धरलेलं. कल्पना चांगलीच आहे. पण एक लाख जनावरं, तूच विचार कर, तुमच्या कंपनीत एक लाख मशिनींना एक मेंटेनन्सवाला ठेवतील का. दिवसाउजेडी मी तो नंबर लावतो आता. त्या रात्री मात्र लावलाच नव्हता, तो दोष माझा.

मला कधी कधी गंमत वाटते. रेतनवाला, म्हणजे कृत्रिम रेतन करून गाय गाभण करणारा, दारात येतो, हे आपल्याकडं कधीपासून आहे? मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ ला बायफ ही संस्था काढली, आणि पुढं बायफनं दारात येऊन गाय भरवायची सवय कितीतरी गावांना लावली. आप्पा सांगतात आपल्या गोठ्यातली पहिली संकरित कालवड तशीच झाली. म्हणजे वीस लिटरची गाय दारात करून द्यायची सोय झाली, आणि ती वीस लिटरची गाय आजारी पडली की आपण टेम्पो शोधतोय. खिलार किंवा डांगीसारखी देशी गाय अशी व्याल्यावर बसल्याचं आप्पांना आठवतसुद्धा नाही. जेवढं दूध जास्त तेवढं हे दुखणं जास्त. हे तुझ्या एक्सेलमध्ये कुठं धरशील?

बरं, १८५० वर संपलं असतं तरी मी तुला एवढं लिहिलं नसतं. लाडी सहा-सात तास एका जागी शेणा-मुतात पडून होती. चौथ्या दिवशी एका सडाला गाठी, दूध फुटलेलं, कास दगडासारखी. दगडी झाली, म्हणजे कासदाह. परत डॉक्टर, तीन दिवस रोज. आणि अँटिबायोटिक चालू असताना आणि नंतरचे चार दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं, घालायचं नाहीच, तुझं पोर पितं ते. सात दिवस रोज पंधरा लिटर मोरीत ओतलं, १०५ लिटर, तिसानं धर, ३१५० रुपये. आईला ते ओतताना बघवायचं नाही, ती आत जाऊन बसायची. कोरफड, हळद आणि चुन्याचा लेपपण लावला आम्ही, एनडीडीबीवाले, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे लोक, सांगतात तो, अडीचशे ग्रॅम कोरफड, पन्नास ग्रॅम हळद, थोडा चुना. सूज उतरायला बरा वाटला, आणि सुरुवातीलाच केला असता तर कदाचित जास्त बरा लागू पडला असता. पण तो सड गेला. बावीसची गाय पंधरावर आली. रोजचे सात लिटर, तीस रुपयानं २१०. दोनशे दिवस धरले तरी ४२ हजार.

आता सांग, डॉक्टर महाग पडला का इंजेक्शनवाला स्वस्त पडला?

त्या बिचाऱ्यालापण काय बोलू, रात्री अकराला बोलावलं तर तो येतो तरी. १९८४ चा कायदा म्हणतो की इलाज नोंदणी असलेल्या पशुवैद्यकानंच करायचा, डिप्लोमावाल्यानं बारीकसारीक कामं त्याच्या देखरेखीखाली. आमचा इंजेक्शनवाला तर डिप्लोमावालापण नाही, एका दवाखान्यात चार वर्ष बाटल्या धरून शिकलेला. पण वस्तीवर सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात, आणि जो पदवीवाला आहे त्याला "तो महागडा".

त्या दिवसापासून मी वही घातली. तुझ्यासाठी बेरीज करून देतो. लहान-मोठी ११ जनावरं, एक वर्ष. डॉक्टरच्या व्हिजिटी १४,२००. औषधं ३१,६००. रेतन ५,४००. झाले ५१,२००, म्हणजे जनावरामागं साडेचार हजाराच्या पुढं, तुझ्या आकड्याच्या तिप्पट. त्यात बघ, डॉक्टरची फी सगळ्यात मोठी नाहीये, औषधं आहेत. गोचीड तापाचं ते एक इंजेक्शन येतं, त्या एकाच बाटलीत डॉक्टरच्या तीन-चार व्हिजिटी निघतात, आणि रक्त न तपासता अंदाजानं मारलं की ते वाया जातं आणि वरून दुसरं घ्यावं लागतं. फेकलेलं आणि आटलेलं दूध मी वहीच्या मागच्या पानावर वेगळं लिहितो, ते साठ हजाराच्या वर गेल्यावर लिहायचं सोडून दिलं. गाय उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, तेपण आहेच, एक माज हुकला की २१ दिवस गेले, भाकड गाय फुकट खात नाही, रोजचे अडीचशे धर. ५२५० रुपये, तेपण कुणी बिल न देता.

लम्पीच्या साली, २०२२ ला, लस सरकारनं फुकट दिली आणि दारात येऊन टोचली, तेव्हा वस्तीवर कुणी डॉक्टर महाग म्हणलं नाही. ज्याची दुभती गाय गेली त्याला ३० हजार मिळाले, पण गाय ऐंशीची होती. बैलाला २५ आणि वासराला १६. त्यामुळं विमा काढच. २०२४ पासून हप्त्यातला आपला वाटा १५ टक्केच आहे. पण कानातला बिल्ला पाहिजे, त्याशिवाय विमा नाही, मध्ये दुधाचं अनुदान आलं होतं पाच रुपयाचं आणि मग सातचं, त्यालापण बिल्ला लागला. बाजारातून गाय घेताना बिल्ल्याचा नंबर तुझ्या नावावर झाला का ते तिथंच बघ, नंतर फिरत बसतो माणूस.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. वस्तीवरच्या पाच घरांनी मिळून डॉक्टरला म्हणलं, महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी या, एका फेरीचे दोन हजार, आमची सगळ्यांची मिळून चाळीस जनावरं. गाईमागं पन्नास रुपये. तो येतो, गाभण तपासतो, आटवायच्या गाईच्या सडात औषध सोडायला शिकवतो, दगडी ओळखायला दूध तपासायचं ते निळं-जांभळं पाणी आणतो, विणार असलेल्या गाईचं खाणं काय कमी-जास्त करायचं ते सांगतो. रात्रीबेरात्रीचे वेगळे, ते कबूल आहेत. पण उधारी नाही, पैसे आधी गोळा करायचे. गेल्या सहा महिन्यांत ह्या वस्तीवर एकच रात्रीची व्हिजिट झाली.

आणि तिसऱ्याच महिन्यात एक घर फुटलं. का, तर म्हणे माझ्या गाईला काहीच झालं नाही, मग पैसे कशाचे देऊ. मी दोन तास बसून समजावलं, चहा झाला, परत चहा झाला, तो म्हणतो बरोबर आहे तुझं, पण पुढच्या महिन्यात बघू. त्याच्या चार गाया गेल्या तर आमचे पन्नासचे पंचावन्न-छप्पन्न झाले. तू आलास की परत पन्नासवर येतील, त्यामुळं माझा स्वार्थपण आहे ह्यात, उगाच लपवत नाही.

चौदावी ओळ आता पाच हजार कर. आणि दहा गाया एकदम टाकू नको, चार टाक, सहा महिने बघ, वहिनींना विचार पहाटे साडेचारला उठवतंय का. गोठा मुक्त ठेव, दावणीला बांधून ठेवलेल्या गाईचे पाय आणि कास लवकर खराब होतात असा माझा अनुभव आहे.

येशील तेव्हा एक काम कर, तिकडच्या मेडिकलमधून डिजिटल थर्मामीटर दोन-तीन घेऊन ये, ते टोक वाकणारे मिळतात ते. इथं मिळतात पण मी आणलेले दोन संपले. एक लाडीनं शेपटी फिरवून गव्हाणीत उडवला आणि तो कुट्टीसोबत कुठं गेला ते आजतागायत कुणाला माहीत नाही, आणि दुसरा आईनं गरम पाण्यात धुतला.

तुझा,
पठारावरचा दूधवाला