दुसऱ्या परिचारिकेचे निलंबन माझ्या नावावर दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
परवाना पडताळणी विभाग

विषय: पडताळणी अहवालात दुसऱ्या व्यक्तीची नोंद मिसळल्याबाबत आणि दुरुस्ती न कळवताच तक्रार बंद केल्याबाबत

महोदय / महोदया,

‘आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे’ असा आपल्या कंपनीचा संदेश मला मिळाला. निराकरण झालेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नव्या नोकरीसाठी मी रीतसर शुल्क भरून आपल्याकडे परवाना पडताळणीचा अर्ज केला होता. नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, नूतनीकरणाची पावती, सगळे जोडले होते. आपल्या अहवालात माझा परवाना ‘निलंबित’ दाखवला गेला. ते निलंबन माझे नव्हते. ते माझ्याच नावाच्या आणि आडनावाच्या दुसऱ्या एका परिचारिकेचे होते. तिचा नोंदणी क्रमांक वेगळा, प्रशिक्षण संस्था वेगळी, नोंदणीचे वर्षसुद्धा वेगळे. परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत आम्ही दोघी स्वतंत्र आहोत आणि माझा परवाना कधीही खंडित झालेला नाही. कौन्सिलने तसे लेखी दिले आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. नोंदवही बरोबर आहे, ती वाचणाऱ्याची चूक झाली आहे.

नवी नोकरी तर गेलीच. पण माझे सध्याचे रुग्णालयही आपलेच ग्राहक असल्यामुळे तिथेही आपोआप सूचना गेली आणि मला त्याच पाळीत ड्युटीवरून उतरवण्यात आले. याबद्दल मेट्रनना मी अजिबात दोष देत नाही. निलंबित परवान्याच्या सिस्टरला औषधांच्या ट्रॉलीला हात लावू देता येत नाही, त्यांच्या जागी मीही हेच केले असते. त्यांनी आपल्या अहवालावर विश्वास ठेवला. तो विश्वास विकणे हाच आपला व्यवसाय आहे.

आपल्या हेल्पलाइनवरून मला सांगण्यात आले की नाव आणि आडनाव जुळल्यामुळे ‘सिस्टीमने मॅच घेतला’. वॉर्डात आलेल्या विद्यार्थिनीलाही पहिल्याच आठवड्यात शिकवतात की गोळी देण्याआधी रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवायची, आणि खाट क्रमांक ही ओळख नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय मांडले, त्यांत सारख्या दिसणाऱ्या वा ऐकू येणाऱ्या औषधांच्या नावांबद्दलची सावधगिरी आणि रुग्णाची अचूक ओळख हे दोन्ही उपाय होते. एक गोळी देताना जेवढी खातरजमा आमच्याकडून अपेक्षित असते, तेवढी एखाद्याचा परवाना निलंबित ठरवताना आपण केली नाही. नोंदणी क्रमांक अर्जात पहिल्याच रकान्यात होता. तो वापरायचाच नसेल तर मागता कशाला?

हेल्पलाइनने सुचवलेला तोडगाही नोंदवून ठेवते: नवीन अर्ज करा, नवीन शुल्क भरा, अहवाल स्वच्छ येईल.

आता मुख्य मुद्दा. पाठपुरावा केल्यावर आपण पोर्टलवरून ‘निलंबित’ हा शब्द काढला आणि तक्रार बंद केली. आज तिथे पाहिले तर जणू काही घडलेच नव्हते. आमच्या कामात याला दुरुस्ती म्हणत नाहीत. केसपेपरवर चुकीची नोंद झाली तर ती खोडरबराने पुसायची नसते, त्यावर पांढरा रंगही लावायचा नसतो. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी योग्य नोंद, तारीख, वेळ आणि सही. कारण चुकीची नोंद वाचून मधल्या काळात कोणीतरी काहीतरी केलेले असते. माझ्या बाबतीतही केलेले आहे. ज्यांनी तो अहवाल वाचला त्यांच्या फायलीत तो अजूनही तसाच आहे.

याचे परिणाम मला पुढची कितीतरी वर्षे भोगावे लागू शकतात. परिचारिकांच्या नोकरीच्या आणि परदेशी नोंदणीच्या अर्जांत ‘आजवर कधी आपला परवाना निलंबित झाला आहे का?’ अशा अर्थाचा प्रश्न असतो. मी ‘नाही’ लिहिणार, कारण तेच खरे आहे. समोरच्याकडे मात्र आपल्या शिक्क्याचा, ‘हो’ म्हणणारा जुना अहवाल असेल. मग प्रश्न निलंबनाचा राहत नाही, खोटी माहिती दिल्याचा होतो, आणि परवाना खरोखर धोक्यात येण्यासाठी तो आरोप पुरेसा आहे.

चूक दुरुस्त केल्यावर ती ज्यांना ज्यांना कळवली गेली होती त्या सर्वांना दुरुस्तीही कळवावी, ही मागणी मी मनाने काढलेली नाही. 2018 पासून लागू असलेल्या युरोपच्या डेटा संरक्षण नियमावलीत, म्हणजे जीडीपीआरमध्ये, कलम 16 दुरुस्तीचा हक्क देते आणि कलम 19 ती दुरुस्ती माहिती मिळालेल्यांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी टाकते. तो कायदा आपल्याला लागू असो वा नसो, त्यातले शहाणपण घ्यायला कोणाची हरकत नसावी.

म्हणून मला आपल्या सही-शिक्क्याचे एक पत्र हवे आहे. त्यात मूळ अहवालाची तारीख, त्यातली चूक, ती कंपनीकडून झाली ही स्पष्ट कबुली आणि माझा परवाना अखंड वैध होता हे वाक्य असावे. ‘तांत्रिक अडचणीमुळे गैरसोय’ असली भाषा नको. हेच पत्र तो अहवाल गेलेल्या प्रत्येक संस्थेला आपण स्वतः पाठवावे आणि त्या संस्थांची यादी मला द्यावी. बुडालेल्या पगाराची भरपाई आणि अर्जाचे शुल्क परत मिळावे, रुग्णालयाचे विनावेतन रजेचे पत्र सोबत आहे.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या भरपाईपेक्षा तातडीची आहे. आमच्या दोघींच्या नोंदी मिसळल्या असतील तर तिच्या नावापुढे माझा चालू परवाना दिसतो आहे का, हे आपण तपासले का? निलंबित व्यक्ती ‘वैध’ म्हणून कुठे कामावर रुजू होत असेल तर ती तक्रार माझ्या आणि आपल्यापुरती राहणार नाही. शिवाय तिच्या निलंबनाची माहिती मला असण्याचे काही कारणच नव्हते, ती मला आपल्या अहवालातून कळली. तिलाही आपण कळवायला हवे.

या पत्राची प्रत मी नर्सिंग कौन्सिलला आणि माझ्या रुग्णालयाच्या प्रशासनाला देत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार दाखल करेन. कृपया हेल्पलाइनवरून फोन करू नये, जे सांगायचे ते लेखीच कळवावे.

आपली,
नोंदणीकृत परिचारिका
(नाव व नोंदणी क्रमांक मूळ अर्जानुसार. या वेळी दोन्ही ताडून पाहावेत.)