फाशीवरून आबांना पत्र

फ्रायबुर्ग, जर्मनी

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर खुन्यांबद्दल तुम्ही "असल्यांना फासावरच लटकवायला हवं" म्हणालात आणि तेवढ्यात आईने फोन घेतला. माझं उत्तर राहूनच गेलं.

या देशाने १९४९ साली राज्यघटनेतच एका ओळीत फाशी रद्द करून टाकली. त्याआधी नाझींच्या बारा वर्षांत कोर्टांनीच हजारोंना मृत्युदंड ठोठावला होता. पण फाशीचा कट्टर कैवारी तत्त्वज्ञ काण्ट, तोही जर्मनच. १७९७ च्या ग्रंथात तो म्हणतो, बेटावरच्या लोकांनी समाज मोडून पांगायचं ठरवलं, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला मारूनच निघावं. नाहीतर रक्ताचा दोष सगळ्यांच्या माथी. तुमचं नि त्याचं छान जमलं असतं!

मात्र माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, हेही त्याचंच. तोच धागा धरून इथल्या घटना न्यायालयाने १९७७ साली सांगितलं, की जन्मठेप द्या, पण कधीतरी बाहेर पडण्याची खरी आशा ठेवा, आणि ती नुसती दयेच्या अर्जावर सोडू नका. मग कायदा बदलला. आता पंधरा वर्षांनी सोडायचं का, ते कोर्ट बघतं. गुन्हा फारच भयंकर असेल तर आणखी आत.

"जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं" असं कुणी म्हटलं की तुम्ही भडकता, ते बरोबरच आहे. आपल्याकडे ती मरेपर्यंत, आणि चौदा वर्षांनंतरची सूट सरकारच्या हातात. इथे ते न्यायाधीश ठरवतात, हे मला जास्त पटतं. निवडणूक तोंडावर आली म्हणून कुणी सुटत नाही की अडकत नाही. मेलेल्याच्या घरच्यांचं काय, हे तुम्ही विचारालच. त्याचं धड उत्तर मला काण्टकडेही सापडलं नाही आणि त्या निकालातही.

मागच्या आठवड्यात आमच्या वर्गाला खालच्या कोर्टात नेलं होतं. चोरीचा खटला. न्यायाधीशबाईंच्या दोन्ही बाजूंना दोन साधे नागरिक, एकजण तर चक्क स्वेटर घालून. त्यांचं मत बाईंच्या मताइतकंच मोजतात. दोन्ही बाजूंचं बोलणं संपल्यावर बाई आरोपीला म्हणाल्या, "शेवटचं बोलणं तुमचं." वकील कितीही बोलला तरी हा हक्क आरोपीचा, कायद्यातच आहे. पोरगा उठला, म्हणाला, "सोमवारपासून नोकरी लागलीय," आणि बसला.

आपल्याकडेही दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का, असं विचारतातच ना? तुमची सगळी नोकरी कोर्टात गेली. लोक काय म्हणायचे तेव्हा? आठवेल तेवढं लिहून पाठवा, फोनवर नको, आई मध्येच घेते. आजीला नमस्कार. भाजणी संपत आलीय, तेही तिच्या कानावर घाला.

तुमची,
मनू