या सुट्टीत मी येत नाहीये

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आईचा आवाज बदलला असता आणि मी तिथेच विरघळले असते, म्हणून लिहितेय. या सुट्टीत मी घरी येत नाहीये. रजा मंजूर झालीय, तिकीटही काढलंय, पण धाकटीकडे जायचं. तिचं गर्भाशय काढायचंय. घाबरू नका, साध्या गाठी आहेत. पण पोटावर छेद घेऊन करणार, म्हणजे पुढचे 6 आठवडे तरी जड काही उचलायचं नाही. आणि त्या घरात सगळं तीच उचलते.

‘तिला नवरा आहे, सासू आहे, तू कशाला?’ आई, तू हे म्हणणारच. नवऱ्याची रजा आठवड्यात संपेल, सासूबाईंनाच आधार लागतो. शिवाय तिने मला बोलावलेलंच नाही. ‘तुला कामं असतील’ म्हणाली. हेच वाक्य आम्ही एकमेकींना दहा वर्षं ऐकवलं. मला वाटायचं ती पोरींत अडकलीय, तिला वाटायचं मी ऑफिसात. इकडे तू मला तिच्या संसाराचे दाखले द्यायचीस, तिकडे तिला माझ्या पगाराचे. (आता राग नाहीये गं. थोडा आहे.) माझा फोन आला की तिला कपाटातली तिची डिग्री आठवायची, हे तिने परवा सांगितलं. मला तिच्याकडचा पोरींचा दंगा ऐकून काय वाटायचं, ते राहू दे.

बाबांच्या त्या रात्री मी पोचेपर्यंत दवाखान्यात कोण बसलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. कडेवर तान्ही घेऊन.

माझी आबाळ होणार नाही. पोरींच्या खोलीत खिडकीजवळचा पलंग मला दिलाय, उशी माझी मी नेतेय. धाकटीची धाकटी झोपेत लाथा मारते म्हणे. मीही तुमच्या दोघांच्या मध्ये झोपून बाबांच्या पोटावर पाय टाकायचे ना? बाबा हलायचेसुद्धा नाहीत.

आता ऐका. बाबा, जिना चढून आल्या आल्या बीपी मोजायचं नाही. 5 मिनिटं गप्प बसायचं, मग मोजायचं, आणि आकडा वहीत खरा लिहायचा. गोळी संपायच्या आत आणायची. आई, स्टुलावर चढलीस तर मला कळेल. रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवा, बिल मी भरते. रागावून बोललेय असं वाटलं तर वाटू देऊ नका.

सुट्टी उरली तर शेवटचे चार दिवस तुमच्याकडेच. नक्की म्हणत नाही, वाट बघत बसाल.

तुमची,
थोरली

ता. क. आई, एकाच कापडाचे आमचे दोन फ्रॉक शिवले होतेस. तिचा तिने जपलाय. माझा ट्रंकेत असेल तर पाठव, दोघी पोरी एकावरून भांडतायत.