कालव्याच्या रस्त्याला फाटक लावा, सायकलवाल्यांना बाकी काही नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाने शहरात सायकल ट्रॅक व्हावा म्हणून पत्र लिहिलं होतं, डांबरी रस्त्याच्या कडेला रंगवलेला पट्टा वगैरे. मागणी बरोबरच आहे, पण माझं म्हणणं असं की सायकलला लागणारा रस्ता आपल्या खान्देशात बांधून तयार आहे, कालव्यांच्या काठाने शिवाराशिवारातून जातो, फक्त त्याच्यावर मोटारगाड्या येऊ नयेत एवढी सोय करायची राहिलीय. जरा लांबण लागेल, जागा कमी असेल तर मधलं कापा पण कालव्याचं कापू नका ही विनंती.

मी चोपडा तालुक्यातला, केळी आणि कापूस करतो, वय ५३, आठ वर्षं झाली पहाटे सायकल चालवतो. आमचा सातआठ जणांचा ग्रुप आहे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने यावलच्या बाजूला जायचं, चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत घरी. मागच्या हिवाळ्यात एका डंपरचा आरसा आमच्यातल्या एकाच्या खांद्याला लागला, गळ्याजवळचं हाड मोडलं, जीव वाचला हेच खूप. डंपर थांबलाही नाही. त्यानंतर ग्रुपमधले चार जण बंदच झाले कारण घरचे सोडत नाहीत, आणि घरच्यांना चूक कसं म्हणायचं, माझीही बायको मी परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहते.

यंदा सप्टेंबरात भाच्याकडे म्युनिकला जाणं झालं. तो म्हणाला मामा चला तुम्हाला आल्प्समध्ये सायकलवर नेतो. माझ्या डोळ्यासमोर टीव्हीवरच्या शर्यतीतले घाट आले, म्हटलं हे आपल्याला या वयात झेपायचं नाही. पण त्याने मला नेलं इटलीच्या उत्तरेला, डोलोमाइट डोंगरात टोब्लाख नावाचं गाव आहे तिथे, तिथून कोर्तिना साधारण ३० किलोमीटर. कोर्तिना म्हणजे १९५६ चं हिवाळी ऑलिंपिक झालं ते गाव. या दोन गावांमधून पूर्वी छोट्या रुळाची रेल्वे जायची, पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी घातलेली, १९६४ ला ती बंद झाली आणि रूळ निघाले. भराव राहिला, पूल राहिले, बोगदे राहिले, त्यावर बारीक खडी दाबून आता सायकलचा रस्ता आहे. टोब्लाख १२०० मीटरवर आणि मधली खिंड १५३० मीटरवर, पण चढ रेल्वेचा असल्यामुळे अंगावर येत नाही, इंजिन जसं हळूहळू चढायचं तसंच आपण चढतो. गाड्यांचा मोठा रस्ता त्याच खोऱ्यातून जातो, मोटारसायकलींचा आवाज येतो, पण आपल्या वाटेवर एकही गाडी नाही. सत्तरीच्या आज्या आणि पुढच्या सीटवर नातवंडं. लांड्रो गावापाशी तळं आहे, तिथून डोलोमाइटच्या प्रसिद्ध तीन सुळक्यांचं दर्शन होतं, मी तिथे उभा राहिलो पण खरं सांगतो माझ्या डोक्यात सुळके नव्हते, माझ्या डोक्यात हे होतं की एवढ्या वेळात मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. आपल्याकडे दर अर्ध्या मिनिटाला मान मागे जाते.

पण मला खरं शिकायला मिळालं ते दुसऱ्या दिवशी. ऑस्ट्रियाच्या बाजूला टिरोल प्रांतात आम्ही जंगलातल्या मुरमाच्या रस्त्याने वर गेलो. हा रस्ता सायकलवाल्यांसाठी केलेला नाहीच. लाकूड खाली आणायला आणि वरच्या कुरणातल्या गोठ्यांपर्यंत जायला शेतकऱ्यांनी आणि वनवाल्यांनी केलेला कामाचा रस्ता आहे. सुरुवातीला एक आडवा लोखंडी बार, शेतकऱ्याकडे किल्ली, तो ट्रॅक्टर घेऊन आला, बार उचलला, गेला, परत लावला. सायकल बाजूने निघून जाते. बस एवढंच. आम्ही तीन तास वर गेलो तेवढ्यात दोन ट्रॅक्टर भेटले आणि दोन्ही वेळा त्यांनी हात केला.

तिथेही हे सहज झालेलं नाही बरं का. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वन कायद्यात जंगलात पायी फिरायला सगळ्यांना मुभा आहे पण सायकलला मालकाची परवानगी लागते, आणि मालक परवानगी द्यायला घाबरायचे की कोणी पडलं तर उद्या माझ्यावर केस. टिरोल सरकारने १९९७ पासून मार्ग काढला, जमीनमालकांशी करार करायचे, पाट्या लावायच्या आणि अपघात झाला तर त्याचा विमा सरकारने उतरवायचा. मालकाची भीती काढली आणि रस्ते उघडले. इटली-फ्रान्सच्या सीमेवर लिमोने ते मोनेसी असा लष्कराचा जुना खडीचा रस्ता आहे, दोन हजार मीटरच्या आसपास उंचीवरून जाणारा, तो मोटारींना आठवड्यातले ठराविक दिवस बंद असतो, त्या दिवशी फक्त चालणारे आणि सायकलवाले. म्हणजे कायमचं बंद करायला जमत नसेल तर वार ठरवून घ्या. आणि स्वित्झर्लंडमध्ये २०१८ ला सार्वमत झालं, सायकलचे मार्ग देशाच्या घटनेत घालायचे का, ७३ टक्क्यांच्या वर लोकांनी हो म्हटलं.

आता आपल्याकडे बघा. हतनूर धरणाचा उजवा कालवा रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतून येतो, त्याच्या काठाने मुरमाचा सर्व्हिस रोड आहे. तिकडे गिरणेवर इंग्रजांच्या काळातला जामदा बंधारा आहे, त्याचेही कालवे, त्यांच्याही काठाने रस्ता. कालवा म्हणजे पाणी वाहण्यापुरता उतार, त्यामुळे काठचा रस्ता जवळजवळ सपाट, टोब्लाखच्या रेल्वेपेक्षाही सोपा. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, सावली, गारवा. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला जातो तिथे गारव्याची किंमत मी वेगळी सांगायला नको.

पण या रस्त्यांचे हाल काय झालेत. रात्री वाळूचे ट्रॅक्टर आणि डंपर याच काठाने पळतात कारण मेन रोडवर पकडले जायची भीती. भराव दबतो, कडा ढासळतात, कालवा पाझरायला लागतो, आणि मग शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही म्हणून ओरड होते. मी स्वतः टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आहे, मागच्या वर्षी पाण्याची एक पाळी मला मिळालीच नाही. म्हणून म्हणतो की फाटक हे सायकलवाल्यांचे लाड नाहीत, ते आधी पाण्यासाठी हवंय. बैलगाडी, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, केळी भरायला येणारी गाडी यांना किल्ली, कालव्यावरच्या कर्मचाऱ्यांना किल्ली, बाकी कोणाला नाही.

आल्प्समध्येही जुने पाट आहेत, टिरोलच्या दक्षिणेला त्यांना वाल म्हणतात, आणि पाण्याची राखण करणारा माणूस रोज पाटाच्या कडेने जायचा त्याचीच वाट झाली. २०२३ मध्ये युनेस्कोने इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड वगैरे देशांच्या या पारंपरिक सिंचनाला वारसा म्हणून घेतलं. आपल्या पांझरा नदीवरची पाटाच्या पाण्याची फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी, तिथला पाणी सांभाळणारा पाटकरीही तसाच पाण्यामागे चालायचा. आल्प्समधल्या त्या वाटा अरुंद आहेत, बहुतेक ठिकाणी पायीच जायचं, सायकल नाही. फडाच्या बांधालाही तोच नियम असावा असं माझं मत आहे, सगळीकडे चाक घातलंच पाहिजे असं काही नाही.

सातपुड्याचं तर अजून जपून. पाल, मनुदेवी, तोरणमाळ, या बाजूच्या जंगलरस्त्यांवर सायकल चालवायला कोणाला आवडणार नाही, पण यावल अभयारण्यात प्राण्यांचा हक्क पहिला आणि पाड्यावरच्या पावरा, तडवी, भिल्ल लोकांची ती रोजची वाट आहे. त्यांना विचारल्याशिवाय, त्यांच्यातलीच पोरं वाटाडे म्हणून घेतल्याशिवाय तिथे मार्ग जाहीर करू नये.

आणि पाचोरा-जामनेरची आपली छोट्या रुळाची रेल्वे, पीजे. कोर्तिनाची रेल्वे बघून कोणी म्हणेल पीजेचा पण सायकल ट्रॅक करा, तर कृपा करून नको. पीजे २०२० पासून बंद आहे, ब्रॉडगेज होऊन ती परत धावली पाहिजे, तिच्यावर गरिबांची पोरं शाळेला जायची. फक्त नवीन लाईन टाकताना जुना भराव कुठे मोकळा सुटला तर तो विकून टाकू नका, एवढंच.

काही जण म्हणतील ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीवर चालणारी सायकल, लाखाची येते, श्रीमंतांचा छंद. मी सांगतो तिचं टायर ३८ ते ४५ मिलिमीटरचं असतं, आणि आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलचं टायर दीड इंची, म्हणजे तेवढंच. हवा थोडी कमी ठेवली की खडीवर मस्त चालते. फक्त काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर पावसाळ्यात जाऊ नका, चाक आणि मडगार्डमध्ये चिखल बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते, मुरमावर तो त्रास नाही. बाभळीचे काटे मात्र सगळीकडेच, त्यांना ट्यूबलेस टायर आणि त्यात भोक बुजवणारं सीलंट हाच उपाय, नाहीतर पंक्चरचं सामान खिशात. आणि शाळेच्या पोरी, ज्यांना सायकली मिळाल्यात, त्या आज हायवेच्या पांढऱ्या पट्टीवरून जीव मुठीत घेऊन जातात, कालव्याचा रस्ता पहिल्यांदा त्यांचा होईल.

पाटबंधारे खात्याची अडचण मला समजते, कोणी कालव्यात पडलं तर जबाबदारी कोणाची. त्यालाच टिरोलवाल्यांनी विमा काढला. चोपडा तालुक्यातला फक्त एक तुकडा घ्या, दोन रस्त्यांच्या मधला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी एक हिवाळा करून बघा. दोन टोकांना दोन फाटकं, एक पाटी, जिथे काठ खोल आहे तिथे दगडाचे कठडे, आणि जिल्ह्याच्या निधीतून विमा. माझ्या शेताजवळच्या फाटकाचा खर्च मी करतो, आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी बोललोय, ते किल्ली सांभाळायला तयार आहेत.

पाटबंधारेच्या साहेबांना पाहणी करायची असेल तर रब्बीचं पहिलं आवर्तन सुटल्यावर या, तेव्हा कालवा भरून वाहतो आणि कडा कुठे ढासळल्यात ते लगेच दिसतं. सकाळी सहाला निघतो आम्ही, दोन सायकली जास्तीच्या आहेत.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव