हिरण्यकेशीकाठचे हाड डायनासोरचे नाही, तरी जपा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

संकेश्वरजवळ हिरण्यकेशीच्या काठी विहीर खणताना ‘डायनासोरचे हाड’ निघाल्याचे फोटो सध्या मोबाइलवर फिरत आहेत. मी भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि पुढे विहिरींची कामे घेऊ लागलो. मालकांनी तो तुकडा मला हातात घेऊन पाहू दिला, म्हणून लिहितो.

तुकडा हाडाचाच आहे. मोडलेल्या टोकाकडून पाहिले की बाहेर घट्ट तपकिरी कड दिसते आणि आत अनरशासारखी जाळी, तिच्या घराघरांत गाळ बसलेला. कडेवरच्या बारीक रेघा लांबीच्या दिशेने जातात. जिभेला लावला तर किंचित चिकटतो. शेजारी ठेवलेला दुसरा ‘हाडाचा तुकडा’ मात्र साधा काळा दगड आहे. त्याची भोके गोल, लहानमोठी, कशीही विखुरलेली, काहींत पांढरे स्फटिक. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या बुडबुड्यांच्या त्या जागा. जांभ्याच्या भोकांनीही माणूस फसतो, पण जांभा चोळला की बोट लाल होते.

मग डायनासोरचे का नाही? हाड कुठल्या थरातून निघाले, हे आधी विचारायचे. हे निघाले नदीच्या गाळातून, मुरूम लागायच्या आत. डायनासोर संपले सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास. त्यांची हाडे मिळाली ती जबलपूरला, गुजरातेत बालासिनोरकडे, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला, लाव्ह्याच्या खाली असलेल्या लामेटा नावाच्या खडकांत. आपल्या नदीचा गाळ लाव्ह्याच्या कातळावर बसलेला, त्यामानाने अगदी अलीकडचा. गोकाकच्या धबधब्याचा कठीण खडक तर पृथ्वीवर हाडाचे प्राणी येण्याच्याही आधीचा.

हे सांगितल्यावर तिथल्या मंडळींचा उत्साहच मावळला. ‘मग म्हशीचे असेल, टाका बांधावर,’ असे एकजण म्हणाला. मला वाईट वाटले ते याचे. आपली हिरण्यकेशी ज्या घटप्रभा नदीला मिळते तिच्याच खोऱ्यात, गोकाकजवळ चिकदौलीला, ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याची हाडे मिळाली आणि 1874 साली त्यांनी ती ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’ या नावाने प्रसिद्ध केली. आपल्या भागात एके काळी गेंडा हिंडत होता, हे त्या हाडांमुळे कळले. संकेश्वरचे हाड म्हशीचे असेल, गेंड्याचे असेल, आणखी कशाचे असेल. जाणकार ते ठरवतील, पण हाड शाबूत राहिले तरच ना! आताच कुणीतरी फरशीच्या ॲसिडने एक टोक ‘स्वच्छ’ केले आहे. तिथली कड पांढरी पडून खाल्ली गेली आहे. ॲसिड हाड विरघळवते. कृपा करून पुन्हा कुणी लावू नये, गोंदाने तुकडे जोडू नयेत, आठवण म्हणून ढलपेही काढून नेऊ नयेत. चिकटलेली माती तशीच राहू द्यावी, कागदात गुंडाळून वर खोली आणि जागा लिहावी.

आपल्या वार्ताहराने बातमीत ‘डायनासोर’ लिहिण्याआधी विहिरीचा थर पाहावा, ही विनंती. मालकांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या कॉलेजला लगेच कळवावे. पावसाआधी विहीर बांधून काढायची घाई मी समजू शकतो, पण एकदा दगडी बांधकाम चढले की गाळाचा तो थर कायमचा झाकला जाईल. पाहणीसाठी कुणी आले तर उतरायला दोर, शिडी आणि माझी दोन माणसे मी विनामोबदला देईन.

– एक विहीर कंत्राटदार, संकेश्वर (ता. हुक्केरी)